पदवीच्या वाटचालीचेही सर्वेक्षण हवे

कपाशीतील गुलाबी बोंडअळीचा अंदाज घेण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावले जातात. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे मानून उपाय योजले जातात. बोंडे किडल्यानंतर अळ्या मोजत बसण्याला कोणी पीक संरक्षण म्हणत नाही. परंतु त्याच शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी कृषी महाविद्यालयात शिकत असते, तेव्हा पदवीच्या अटींपैकी किती पूर्ण झाल्या आणि किती उरल्या, याची मोजणी अनेकदा शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. तोपर्यंत उपायाची वेळ टळलेली असते.

कृषी पदवीचा हिशेब समजण्यास कठीण नाही. १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ अमेरिकेतील लँड ग्रँट महाविद्यालयांच्या धर्तीवर उभे राहिले. त्याच परंपरेतून सत्र, श्रेयांक, अंतर्गत मूल्यमापन आणि सल्लागार शिक्षक ही रचना कृषी शिक्षणात रुजली. आठवड्याला १ तासाचे व्याख्यान किंवा २ तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे १ श्रेयांक. विषयापुढे ३+१ लिहिलेले असेल, तर त्यात ३ श्रेयांक सिद्धान्ताचे व १ प्रात्यक्षिकाचा असतो. मात्र श्रेयांकांची बेरीज जुळली म्हणजे पदवी जुळली असे नव्हे. अनिवार्य विषय, किमान उपस्थिती, एकूण गुणसरासरी, ग्रामीण कार्यानुभव या प्रत्येकाची अट स्वतंत्र असते. एक राहिली, तरी बाकीच्यांचा उपयोग थांबतो.

अन्य शाखांच्या तुलनेत कृषी पदवीत हा धोका अधिक आहे आणि त्याचे कारण हंगामात आहे. साठवणुकीच्या धान्यातील सोंडे प्रयोगशाळेत वर्षभर वाढवता येतात. शेतातील कीड मात्र विद्यार्थ्याच्या सोयीने येत नाही. कपाशीतील डोमकळ्या पीक फुलोऱ्यावर असतानाच ओळखायच्या असतात. ते प्रात्यक्षिक बुडाले, तर उन्हाळ्यात त्याची भरपाई होत नाही. पंजाबातील कपाशी एप्रिल-मेमध्ये पेरली जाते, विदर्भातील कोरडवाहू कपाशी जून-जुलैमध्ये. त्यामुळे एकाच देशात दोन महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांचे वेळापत्रकही वेगळे असावे लागते. जो विषय वर्षातून एकाच सत्रात शिकवला जातो, त्यातील अपयशाची किंमत केवळ एका परीक्षेची नसून पूर्ण वर्षाची असू शकते.

पाचव्या अधिष्ठाता समितीच्या रचनेत हे विशेष स्पष्ट दिसते. तीत सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभवाचे २० आणि आठव्या सत्रात अनुभवाधारित शिक्षणाचे २० श्रेयांक ठेवले आहेत. आधीचे विषय उत्तीर्ण झाल्याविना कार्यानुभवास जाता येणार नाही अशी अट जेथे आहे, तेथे दुसऱ्या वर्षाचा एक राहिलेला विषय चौथ्या वर्षाची वाट अडवतो. बँकेतील कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी ४ वर्षांची पदवी लागते. पदव्युत्तर प्रवेशासही ती लागते. कर्ज काढून शिकवणाऱ्या घरासाठी हे एक वर्ष म्हणजे हातचा गेलेला हंगामच.

नव्या व्यवस्थेने सोय वाढवली, तशी जबाबदारीही वाढवली आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा राहतात. त्यांची वैधता कमाल ७ वर्षांची आहे. सहाव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, तर दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. त्यासाठी १० आठवड्यांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण पूर्ण करावे लागते. अशा वेळी खात्यात श्रेयांक किती आहेत, एवढे पाहणे पुरेसे नाही. ते कोणत्या अटीसाठी उपयोगी पडतात, हा खरा प्रश्न आहे.

यावर आक्षेप घेतला जातो, की विद्यार्थी सज्ञान आहेत, सर्व माहिती संगणक प्रणालीत असते, ज्याचे त्याने पाहावे. आक्षेप अगदीच निराधार नाही. स्वतःचा हिशेब ठेवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. परंतु सापळ्यात पतंग अडकले म्हणून कीड आटोक्यात येत नाही. सापळा पाहणारा, आकडा लिहिणारा आणि पातळी ओलांडताच निर्णय घेणारा माणूस लागतो. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याला श्रेयांक आणि गुणसरासरी यांतील भेद कोणी तरी एकदा समजावून सांगावाच लागतो.

म्हणून उपायही सर्वेक्षणाच्या शिस्तीचाच असावा. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या सत्रापासून एका पानाचा तक्ता ठेवावा: अट, पूर्ण झालेला भाग, उरलेला भाग आणि तो विषय पुन्हा कोणत्या सत्रात उपलब्ध होईल ते सत्र. सल्लागार शिक्षकाने तो तक्ता सत्रात दोनदा पाहावा. त्यातील एक वेळ हंगामाच्या मध्यावरची असावी, म्हणजे बुडालेली प्रात्यक्षिके पीक उभे असतानाच भरून काढता येतील. एक अनिवार्य विषय राहिला किंवा उपस्थिती किमान मर्यादेजवळ आली, की ती धोक्याची पातळी मानावी आणि पालकांना त्यांच्या भाषेत कळवावे.

या कामात विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांचा वाटा मोठा आहे. गावात येणारे कृषिदूत आणि कृषिकन्या यांच्या नोंदवहीवर त्यांचीच स्वाक्षरी होते. ती उपकार म्हणून होऊ नये. विद्यार्थ्याने बांधावरून नव्हे, तर ओळीत शिरून किडी मोजल्या का, मित्रकीटक ओळखले का, फवारणीची गरज नाही असे सांगण्याचा आत्मविश्वास त्याला आला का, हे पाहूनच ती व्हावी. अन्यथा तक्त्यातील सर्व रकाने भरतील, पण शिक्षणाचा रकाना रिकामाच राहील. खोट्या नोंदींवर आधारलेला सल्ला शेतात जेवढे नुकसान करतो, तेवढेच नुकसान खोट्या श्रेयांकांवरची पदवीही करते. कारण उद्या ती पदवी घेऊन सल्ला देण्यास तोच विद्यार्थी त्याच बांधावर येणार असतो.

येत्या सत्रारंभी गावातील कृषी शाखेचा विद्यार्थी भेटल्यास त्याला गुण किती पडले, एवढेच विचारून थांबू नये. पदवीसाठी अजून काय उरले आहे, हेही विचारावे. उत्तर देता आले नाही, तर तक्ता त्याच दिवशी करण्यास बसवावे.