‘येस’ म्हणण्याची सवय

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही काही जणी मिळून बायकांसाठी समुपदेशन केंद्र चालवतो. जागा म्हणजे जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि कुणीतरी देणगी म्हणून दिलेला संगणक.

त्या दिवशी एक तिशीतली बाई लेकराला कडेवर घेऊन आली. मार खाऊन घराबाहेर पडलेली. माहेरी गेली तर नवरा तिथं येऊन तमाशा करणार, म्हणून एका मावसबहिणीकडे लपून राहत होती. सगळं सांगून झालं, रडून झालं, आणि उठता उठता तिनं एकच विचारलं, “ताई, मी कुठं राहते ते कुणाला कळणार नाही ना?”

मी म्हटलं, “नाही गं, अजिबात नाही. निर्धास्त राहा.”

माझं वाक्य पुरं होतं न होतं तोच शेजारच्या टेबलावर ‘टिंग’ असा आवाज झाला. आमच्याकडे काम करणारी मुलगी वकीलबाईंना मेल पाठवायला बसली होती. पडद्यावर एक चौकट उघडली. सुरक्षेबद्दल काहीतरी इशारा होता आणि खाली प्रश्न होता, पुढे जायचं का? तिनं न वाचता ‘येस’ दाबलं. मी तिला काही बोलले नाही. बोलणार तरी काय? तिला ते मीच शिकवलं होतं!

ती चौकट आठ महिन्यांपासून रोज यायची. सकाळी मेलचं सॉफ्टवेअर उघडलं की एकदा, मग मधूनमधून, कधी कधी दर पाच-दहा मिनिटांनी. आउटलुक, थंडरबर्ड असं काही संगणकावर वापरणाऱ्या बऱ्याच जणींनी ती पाहिली असेल. सुरुवातीला मी घाबरले होते. आमच्या संस्थेच्या नावाचा मेल ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला, तर पलीकडचे गृहस्थ हसून म्हणाले, “मॅडम, काही नसतं ते. येस दाबा आणि पुढे जा.” घरी विचारलं, तर तिथंही तेच उत्तर. मी बी.ए. झालेली, तेही मराठी घेऊन. म्हटलं, शिकलेली माणसं सांगतायत तर असेल तसंच. आणि दाबत राहिले.

पुढच्याच आठवड्यात वकीलबाईंचा फोन आला. “अहो ताई, त्या केसचे कागद कुठायत? परवा अर्ज दाखल करायचाय.” आम्ही तर चार दिवसांपूर्वीच पाठवलेले! शोधाशोध झाली. शेवटी सापडले ते त्यांच्या मेलच्या पार तळाशी. तारीख होती जानेवारी २०१६! त्यांच्याकडे मेल तारखेप्रमाणे लागतात, त्यामुळे आमचा मेल दहा वर्षांच्या ढिगाऱ्याखाली जाऊन बसला होता. फोन आला नसता तर त्या बाईचा अर्ज तसाच राहिला असता.

आमच्या संगणकाचं घड्याळच मागे गेलं होतं. आम्ही तारीख दुरुस्त केली आणि काय आश्चर्य, चौकटीतली एक फुली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जानेवारी २०१६, पुन्हा फुली हजर. पुन्हा दुरुस्त केलं, पुन्हा तेच. मग एका संध्याकाळी घाईत भिंतीवरचं बटण बंद करायचं राहून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तारीख बरोबर होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वीज वाचवायची म्हणून रोज जाताना आम्ही बटण बंद करतो, त्याचा आणि याचा काहीतरी संबंध असणार.

दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलानं डबा उघडला आणि नाण्याएवढा एक सेल काढून माझ्या हातावर ठेवला. “काकू, हा गेलाय.” संगणक बंद असताना आतलं घड्याळ या सेलवर चालतं. सेल संपला आणि भिंतीवरचा पुरवठाही बंद केला, की घड्याळ तारीख विसरतं. सीआर २०३२ नावाचा सेल. शंभर रुपयांच्या आत काम झालं.

पण घड्याळ चुकलं तर मेलनं का ओरडावं? हे मी त्या मुलाला विचारलं, आणि त्यानं समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

दारात कुणी आलं आणि म्हणालं, “मी गॅस एजन्सीकडून आलोय,” तर आपण काय करतो? ओळखपत्र मागतो. त्यावर तीन गोष्टी पाहतो. ते कुणी दिलंय, त्याची मुदत आहे का, आणि त्यावरचं नाव समोरच्या माणसाचंच आहे का. आपला संगणक मेल आणायला दूरच्या सर्व्हरकडे जातो, तेव्हा आपला पासवर्ड त्याच्या हाती देण्याआधी तो नेमकं हेच करतो. त्या ओळखपत्राला सर्टिफिकेट म्हणतात. तिन्ही गोष्टी जुळल्या तर तो गुपचूप काम करतो. एखादी जुळली नाही तर आपल्याला हाक मारून विचारतो, “बाई, याला आत घेऊ का?” आणि आपण स्वयंपाकघरातूनच ओरडतो, “घे, घे!”

आमच्या संगणकाच्या मते २०१६ साल चालू होतं. त्यामुळे आजचं सर्टिफिकेट त्याला पुढच्या काळातलं, अजून लागूच न झालेलं वाटत होतं. त्याचं काय चुकलं सांगा! खरं तर तो आठ महिने सांगत होता की तारखेचा घोळ आहे. आम्ही ऐकलं असतं तर वकीलबाईंचा मेल हरवलाच नसता.

सेल बदलला तरी चौकट थांबली नाही. मात्र आता मी चष्मा लावून ती वाचली. आउटलुकच्या त्या चौकटीत तीन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची किंवा चुकीची खूण असते. पहिली ओळ सर्टिफिकेट देणाऱ्याची, दुसरी मुदतीची, तिसरी नावाची. आमच्याकडे आता फक्त तिसरीपुढे फुली होती. मी त्या मेलवाल्या गृहस्थांना पुन्हा फोन केला. या वेळी ‘काहीतरी येतंय हो’ असं न म्हणता सरळ म्हटलं, “सर्टिफिकेटवरचं नाव आणि तुम्ही दिलेल्या सर्व्हरचं नाव जुळत नाही. कोणतं नाव घालायचं ते मला लेखी कळवा.” पलीकडे जरा शांतता झाली. मग त्यांनी नाव कळवलं. आमच्या संस्थेच्या नावानं सर्व्हर लिहिला होता, आणि सर्टिफिकेट होतं त्यांच्या कंपनीच्या नावाचं. अकाउंटच्या सेटिंगमध्ये मेल येण्याचा आणि जाण्याचा असे दोन सर्व्हर लिहिलेले असतात. दोन्हीकडे नाव बदललं आणि चौकट गेली ती गेलीच.

त्यानंतर आम्ही पासवर्डही बदलला. आठ महिने आम्ही कुणाकुणाला ‘आत ये’ म्हटलं होतं, याचा हिशोब कुणाकडे होता? अशा वेळी ‘येस’ दाबलं तरी पत्राला कुलूप लागतं, पण त्याची किल्ली कुणाच्या हाती गेली ते कळत नाही.

आणखीही कारणं असतात. काही अँटिव्हायरस मेल तपासण्यासाठी मध्ये उभे राहतात आणि स्वतःचंच सर्टिफिकेट पुढे करतात. मग देणारा अनोळखी, अशी तक्रार येते. त्या वेळी अँटिव्हायरसच्या सेटिंगमधली मेल तपासणी पाहावी लागते. संगणक फार जुना असेल तर विश्वासू देणाऱ्यांची त्याच्याकडची यादीच शिळी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असं एक जुनं, मूळ सर्टिफिकेट संपलं आणि अपडेट न केलेल्या कितीतरी जुन्या यंत्रांवर अचानक इशारे सुरू झाले. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, हेही देणगीतले संगणक वापरणाऱ्या संस्थांनी ध्यानात ठेवावं. कधी कधी तर सर्व्हरवाल्यांनीच मुदत संपलेलं सर्टिफिकेट बदललेलं नसतं. ते त्यांनीच बदलायचं, आपण फक्त पाठपुरावा करायचा. आणि हे यापुढे वारंवार घडू शकतं. कारण सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत टप्प्याटप्प्यानं कमी करत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणायचं, असं २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरलंय.

कुणी म्हणेल, एवढ्याशा चौकटीचं काय एवढं? तर २०११ सालची एक गोष्ट सांगते. हॉलंडमध्ये सर्टिफिकेट देणारी डिजिनोटार नावाची कंपनी होती. चोरांनी तिच्या यंत्रणेत शिरून गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं तयार केली. ती वापरून इराणमधल्या लोकांचे जीमेल मधल्या मध्ये वाचण्याचा उद्योग चालला होता. पुढे चौकशीत सुमारे ३ लाख इंटरनेट पत्ते त्यात अडकल्याचं दिसलं. हे उघडकीला यायला मोठं निमित्त कोण झालं? इराणमधला एक साधा जीमेल वापरणारा. त्याच्या ब्राउझरनं इशारा दिला, आणि तो बाजूला न सारता त्यानं जाहीरपणे विचारलं, हे काय आहे? महिनाभराच्या आत ती कंपनी दिवाळखोरीत निघाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण विचारत नाही. संगणकच काय, बँकेतला फॉर्म, दवाखान्यातली संमती, बचत गटाच्या कर्जाचा कागद, कुणी ‘इथं सही करा’ म्हटलं की आपण करतो. वाचत बसलो तर मागे रांग खोळंबते. प्रश्न विचारला तर ‘तुम्हाला नाही कळायचं’ हे उत्तर तयार असतं. वर्षानुवर्षं ऐकून ते आपल्यालाही खरं वाटायला लागतं. संगणकानं विचारलेला प्रश्न मग आपल्यासाठी आणखी एक कटकट होतो, आणि ती घालवायचा सोपा उपाय म्हणजे होकार. पण तो होकार आपण केवळ आपल्या वतीनं देत नाही. आमच्या संगणकात बायकांची नावं आहेत, पत्ते आहेत, संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाणारे अहवाल आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात अशा खटल्याचं कामकाज बंद खोलीत चालवण्याची सोय आहे. कायदा इतकी काळजी घेतो, आणि आम्ही दार उघडं टाकून बसलो होतो.

म्हणून आता आमच्या टेबलाजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय ते असं. इशारा आला की आधी कोपऱ्यातली तारीख, वार आणि साल पाहायचं. मग चौकट वाचून कोणत्या ओळीपुढे फुली आहे ते वहीत उतरवायचं, जमल्यास फोनवर फोटो काढायचा. कारण कळेपर्यंत ‘नो’ म्हणायचं आणि काम थोडं थांबवायचं. चौकट कायमची घालवण्यासाठी सर्टिफिकेट ‘इन्स्टॉल’ करायचं नाही, किंवा थंडरबर्डमध्ये कायमचा अपवाद साठवायचा नाही, कारण त्यानं इशारा बंद होतो, कारण तसंच राहतं. फोन करायचा तो आपल्या जुन्या बिलावरच्या नंबरला.

शेवटची सूचना ठळक अक्षरात आहे. खरा इशारा आपल्या सॉफ्टवेअरच्या चौकटीत येतो आणि तो कधीच फोन नंबर देत नाही. ‘तुमचा मेल बंद होणार आहे, इथं क्लिक करा, पासवर्ड द्या’ असं सांगणारं पत्र किंवा ‘या नंबरवर ताबडतोब फोन करा’ म्हणणारी खिडकी दिसली, तर ती चोराचीच समजायची. पैसे गेलेच, तर रडत न बसता लगेच १९३० ला फोन करायचा.

आमच्या ऑफिसातल्या मुलीनं परवा स्वतःहून मला हाक मारली. “काकू, चौकट आलीय. मी काही दाबलेलं नाही.” आम्ही दोघींनी मिळून वाचली. मेलवाल्यांच्या सर्टिफिकेटची मुदत आदल्या रात्री संपली होती. फोन केला, दुपारपर्यंत त्यांनी नवीन लावलं. तोवर मेल थांबले, आणि वकीलबाईंचे कागद मी स्वतः जाऊन देऊन आले.

ती बाईही मधे येऊन गेली. लेकरू आता बालवाडीत जातं. या वेळीही जाताना तिनं तेच विचारलं, कुणाला कळणार नाही ना? मी पुन्हा ‘नाही’ म्हटलं. मागच्या वेळी तेच म्हणताना मला काहीच माहीत नव्हतं.