हरणाऱ्याचा हिशेब

आमच्या घरी खेळ या शब्दाला फारसा मान नाही. त्यातही संगणकावरचा खेळ म्हणजे वेळेची निव्वळ उधळपट्टी, असे वडिलांचे ठाम मत. ते खोडून काढण्यासाठी हा लेख नाही. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हिशेब मांडून पाहावा असा एक खेळ आहे, आणि त्याच्याविषयी खेळणाऱ्यांत जो वाद चालतो तो थेट आपल्या वर्गापर्यंत येऊन पोहोचतो, असे मला वाटते.

खेळाचे नाव 'हेडीझ'. अमेरिकेतील 'सुपरजायंट गेम्स' या विसेक माणसांच्या कंपनीने तो तयार केला आणि स्वतःच प्रकाशित केला. ग्रीक पुराणातील पाताळाचा राजा हेडीझ. त्याचा मुलगा झॅग्रियस घरातून पळून पृथ्वीवर जाऊ पाहतो. वाटेत लढाया. मेला की रक्ताच्या कुंडातून पुन्हा बापाच्या दिवाणखान्यात! बाप टेबलावरच्या कागदपत्रांतून मान वर काढून टोमणा मारतो, आणि स्वारी पुन्हा निघते.

आता लढाईविषयी. शस्त्रे सहा, पण दर फेरीला एकच घ्यायचे. वाटेत देव वर देतात. अथेनाचा वर मिळाला तर शत्रूचा बाण त्याच्यावरच उलटतो. पोसायडनचा मिळाला तर शत्रू लाटेने भिंतीवर आपटतो. कोणता वर कधी मिळेल याचा नेम नसल्याने एक फेरी दुसरीसारखी होत नाही. चाहते म्हणतात, हात आणि डोळे यांचा असा मेळ क्वचितच जमतो. नाखूष मंडळी म्हणतात, पडद्यावर इतका झगमगाट होतो की आपला गडी कुठे आहे तेच दिसत नाही. शिवाय तेच चार प्रदेश आणि तेच मोठे शत्रू पुन्हा पुन्हा. माझ्या मते दोन्ही पक्ष खरे बोलतात. पहिले पंधरा दिवस मीही नुसती बटणे बडवली. शत्रूच्या हालचाली आधी पाहायच्या आणि मग बाजूला झेप घ्यायची, हे पुष्कळदा मेल्यावर कळले. माझा खोलीमित्र कन्नड माध्यमातला. मी हरलो की शेजारून तो फक्त म्हणे, "इन्नोम्मे", म्हणजे आणखी एकदा.

खरा वाद आहे तो 'गॉड मोड' या सवलतीचा. ती घेतली की शत्रूचा मार २० टक्क्यांनी कमी लागतो, आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्क्यांनी. मर्यादा ८० टक्के. म्हणजे ३० वेळा मरावे तेव्हा पूर्ण सवलत पदरात पडते. पट्टीचे खेळाडू हिला ग्रेस मार्क म्हणून हिणवतात. मला हे पटत नाही. ग्रेस मार्क पेपर न सोडवता मिळतात. इथे लढाई एकही गाळता येत नाही. आणि ज्यांना खेळ सोपा वाटतो त्यांच्यासाठी अडचणी वाढवण्याची सोयही आहेच. एकाच दुकानात दोन्ही गिऱ्हाइकांची सोय झाली तर एकाने दुसऱ्यावर का चिडावे?

यशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीने हा खेळ अपुरा असतानाच, अपुरा आहे असे सांगूनच, विक्रीला ठेवला. २१ महिने खेळणाऱ्यांच्या तक्रारी ऐकत तो दुरुस्त केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण म्हणून जाहीर केला. त्या वेळी विक्री १० लाखांवर गेली होती. त्यातल्या सुमारे ७ लाख प्रती अपुऱ्या अवस्थेतच खपल्या होत्या. २०२१ साली त्याला बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार मिळाला. आपली उणीव लपवली नाही तर पत जाते असे नाही, उलट वाढते, हा धडा आमच्या पाठ्यपुस्तकात मला आढळला नाही.

आता मूळ मुद्दा. या खेळात मरताना देवांचे वर जातात, नाणी जातात; पण 'अंधार' नावाची एक शिल्लक पुढे ओढली जाते आणि तिच्यातून कायमचे बळ विकत घेता येते. शिवाय घरी परतल्यावर दाराशी एक पेंगुळलेला देव यादी पाहून सांगतो, या खेपेला तुला कोणी मारले.

मागच्या परीक्षेत माझा कॉस्टिंगचा पेपर राहिला. घरी सांगायला मला अकरा दिवस लागले. आमच्या वर्गातला एक जण दोन विषय राहिले म्हणून आलाच नाही. तो आता एका दुकानात बसतो. तो माझ्यापेक्षा हुशार होता. आम्हा दोघांच्या निकालपत्रावर नुसता आकडा होता. कोणत्या प्रश्नाने मारले, हे सांगणारे दाराशी कोणी नव्हते, आणि आम्हीही विचारायला गेलो नाही.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. निकालानंतर एक दुपार नापास झालेल्यांसाठी ठेवावी. कुठे चुकले एवढेच सांगावे, गुण वाढवू नयेत. आणि मित्रांनो, आपण त्या दुपारी तोंड लपवू नये. हरलेल्या फेरीतले सगळेच बुडीत खाती टाकायचे नसते. काही बाकी पुढच्या पानावर ओढता येते. वडिलांना मी हे एवढेच सांगितले. त्यांनी खातेवहीतून मान वर काढली आणि विचारले, "मग फॉर्म कधी भरतोस?"

मी भरला आहे.

— बी. कॉम. भाग ३ मधील एक विद्यार्थी