गावात कसली आलीय भीती!

गेले दोन विकांत रिलीजच्या गडबडीत गेले, त्यामुळे लिहिणं राहूनच गेलं. आज मात्र एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय तो खरडून टाकतो.

मागच्या मंगळवारी रात्री पावणेबाराला मोबाईल वाजला. घरच्या कॅमेऱ्याचा अलर्ट. गेल्या दिवाळीत मी गावच्या घराला चार कॅमेरे बसवून आलोय. मी इथे वाकडला, आई-अण्णा अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी, मध्ये जवळपास तीनशे किलोमीटर. झोपेतच स्क्रीन उघडली, गेटजवळ काहीतरी हललं, छातीत धस्स झालं... आणि निघालं शेजारचं कुत्रं. सकाळी अण्णांना फोनवर सांगितलं तर ते हसायलाच लागले. "तुला तिकडं झोप नाही अन् आम्ही इकडं ओसरीत दार उघडं टाकून झोपतो. गावात कसली आलीय भीती? इथं कोण कोणाला वळखत नाही?"

ऑफिसातही हेच ऐकतो. गावाचं नाव काढलं की लोक म्हणतात, "तुमच्याकडे बरंय बाबा, सेफ असतं." (हल्ली अंबड तालुका म्हटलं की आधी १ सप्टेंबर २०२३ चा अंतरवाली सराटीचा लाठीचार्ज आठवतो लोकांना, पण तो विषय वेगळा.) तर गाव म्हणजे सुरक्षित, हे आपण धरूनच चालतो. मीही चालायचो. पण हे तपासलंय कोणी?

२०२२ मध्ये पाच महिने ऑनसाईट इंग्लंडला होतो. आमचा तिकडचा लीड शहराबाहेर एका टिचभर गावात राहायचा. चर्च, पब, शंभरेक घरं, संपलं गाव. घर घेण्याआधी त्याने काय केलं असेल तर पोलिसांच्या साईटवर त्या गावाचा गुन्ह्यांचा नकाशा उघडला. तिकडे २०११ पासून हे सगळ्यांना खुलं आहे. महिना निवडा, गाव निवडा, ठिपके दिसतात. नेमकं घर कळू नये म्हणून ठिपका मुद्दाम जवळच्या एका ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो (प्रोग्रॅमर म्हणून मला ही गोष्ट फार आवडली). त्याच्या गावात महिन्याला दोन-तीन ठिपके. शेडमधून काहीतरी चोरीला गेलं, ट्रॅक्टरचं जीपीएस कोणी उपटून नेलं, एखादी मारामारी. "फार शांत गाव आहे," तो म्हणाला, आणि ते म्हणायला त्याच्याकडे आकडा होता.

त्या रात्री रूमवर बसून मी आमच्या गावाचा आकडा शोधला. नाही मिळाला, मिळणारच नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात सगळ्यात बारीक एकक म्हणजे जिल्हा. अख्खा जालना जिल्हा, आठ तालुके, एका ओळीत. त्यातही एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असतील तर मोजला जातो फक्त सगळ्यात गंभीर असलेला एक. आणि ज्याची एफआयआरच झाली नाही ते तर कुठल्याच ओळीत नाही.

आता आमच्याकडची चोरी कशी असते ते सांगतो. सोनंनाणं, दरोडा वगैरे क्वचित. आमच्याकडे चोरीला जाते विहिरीवरच्या मोटारीची केबल. तांब्याची असते ना, वरचं प्लास्टिक जाळायचं आणि तांबं भंगारात घालायचं. कधी स्टार्टर जातो, कधी ठिबकच्या नळ्या, शेळ्या, वेचून ठेवलेला कापूस, तोडणीला आलेली मोसंबी. शहरातल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. पण ऐन पाणी द्यायच्या दिवसांत केबल गेली की नवी आणून मोटार चालू होईपर्यंत तीन-चार दिवस जातात, आणि तेवढ्यात मोसंबीचा बहर गळतो.

२०२३ मध्ये आमची केबल गेली. कोणी नेली ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावाला माहीत होतं. तीन पोरं, त्यातलं एक आमच्या भावकीतलंच. पारावर बैठक झाली, पोरांच्या बापांनी हात जोडले, अण्णांना निम्मे पैसे मिळाले, विषय संपला. मी फोनवर तावातावाने म्हणालो, तक्रार द्या. अण्णा म्हणाले, "उगं कशाला? ठाणं अठरा किलोमीटर. पंचनामा, जबाब, मग तारखा. अन् पोरं हायेत गावातलीच, उद्या त्यांच्याच घरी लग्नाला जायचंय."

अण्णांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण त्या पोरांनी नंतर आणखी दोघांच्या केबली नेल्या. त्याही पारावरच मिटल्या. कागदावर आमच्या गावात त्या वर्षी शून्य चोऱ्या!

मिटवण्याची ही सवय आमच्या गावापुरती नाही. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. गावाने समिती करायची, भांडणं सामोपचाराने मिटवायची, तंटामुक्त झालं की गावाला बक्षीस. कल्पना चांगली होती आणि बांधाच्या, वाटणीच्या भांडणांत तिने खूप लोकांचे कोर्टाचे हेलपाटे वाचवले हे खरंच आहे. नियमात कायद्याने तडजोड करता येण्याजोगीच प्रकरणं होती. पण गावाला बक्षीस तंटे संपल्याचं मिळतं म्हटल्यावर काय होतं हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मॅनेजरने सांगावं की शुक्रवारपर्यंत उघडे बग शून्य पाहिजेत... शुक्रवारी डॅशबोर्ड हिरवागार होतो! बग कुठे जातात ते टेस्टिंगवाल्या पोरीला विचारा.

या हिरव्या डॅशबोर्डाखाली सगळ्यात जास्त दबतं ते घरातलं. आमच्या गल्लीत एक घर आहे. कुठल्या गल्लीत नसतं म्हणा. लहानपणी रात्री त्या घरातून आवाज यायला लागला की आई रेडिओ मोठा करायची. सकाळी ती बाई पदर पुढे ओढून नळावर यायची आणि सगळ्या बायका तिच्याशी भाजीबद्दल बोलायच्या. सगळ्यांना माहीत, म्हणून कोणीच बोलायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायकांमागे एकीने नवऱ्याचा मार खाल्ल्याचं किंवा छळ सोसल्याचं सांगितलंय. आणि देशभरात अशी हिंसा सोसलेल्या शंभरातल्या फक्त चौदाजणींनी कोणाकडे तरी मदत मागितली. कोणाकडे तरी म्हणजे आई-बाप, बहीण, शेजारीण सगळे धरून! पोलिसांपर्यंत जाणाऱ्या तर अगदीच थोड्या.

बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांतही शंभरात नव्वदहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा निघतो. "इथं कोण कोणाला वळखत नाही" हे अण्णांचं वाक्य या आकड्याशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा मला कसंसंच झालं. मी बसवलेले चारही कॅमेरे गेटाकडे आणि रस्त्याकडे तोंड करून आहेत.

कारण आपल्याला भीती वाटते ती बाहेरच्याची. २०२४ च्या जून अखेरीला अंतरवाली सराटीवर रात्री ड्रोन फिरतात अशा बातम्या आल्या, विधानसभेतही विषय निघाला. आणि मग जालना, बीड, छत्रपती संभाजीनगरच्या गावागावांतून ड्रोन दिसायला लागले. चोर आधी ड्रोनने घरं टेहळतात आणि मग येतात, असं व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवीन. आमच्याकडे पोरांनी गस्त सुरू केली. काठ्या, बॅटऱ्या, एक-दोघांकडे कुऱ्हाडी. मी त्या शनिवारी गावी होतो. चुलतभाऊ म्हणाला, "चल भाऊ, बघ गंमत." गेलो. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. पावसाळी हवा, चहाचा थर्मास, दहा वर्षांनी जुने मित्र एकत्र. आकाशात एक लाल दिवा लुकलुकत गेला, त्यावर अर्धा तास चर्चा. (विमान होतं.)

साडेबाराच्या सुमाराला फाट्याकडून एक माणूस चालत आला. खांद्यावर बोचकं. शेवटची गाडी चुकली म्हणून सासुरवाडीला पायी निघालोय, म्हणाला. पोरांनी घेरलं. नाव काय, गाव कोणतं, आधार कार्ड दाखव. तो घाबरला, घाबरल्यावर अडखळला, आणि अडखळल्यावर सगळ्यांचा संशय पक्का झाला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "पारधी दिसतोय." त्या एका शब्दाने आवाज कसा बदलला ते मी लिहून सांगू शकत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आमच्या फाट्यावर तो अजून चालू होता. एकाने त्याची कॉलर धरली, बोचकं रस्त्यावर उपसलं. आत लुगडं, लहान मुलाचे दोन फ्रॉक आणि खारीचा पुडा.

मी काय करत होतो? त्याच्या तोंडावर बॅटरी धरून उभा होतो. "थांबा रे" असं काहीतरी बोललो बहुतेक, पण कोणाला ऐकू जाईल असं नाही.

वाचवलं पोलीस पाटलांनी. कोणीतरी त्यांना उठवून आणलं होतं. साठीचा माणूस, बनियन आणि लुंगीवर आलेला. त्यांनी आधी पोरांना दहा पावलं मागे सारलं, त्या माणसाला खाली बसवून पाणी दिलं, सासऱ्याच्या गावचं नाव विचारलं, आणि तिथल्या पोलीस पाटलाला फोन लावला. वीस मिनिटांत सगळा उलगडा. माणूस खरंच जावई निघाला. पाटलांनी स्वतः मोटारसायकलवर नेऊन सोडलं त्याला.

घरी येऊन झोप लागली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाचजणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, चोरांच्या अफवेवरून. तिथलीही पोरं गाव राखायलाच जमली असणार. आमच्या फाट्यावर त्या रात्री पाटील अर्धा तास उशिरा आले असते तर?

म्हणजे बघा, गाव राखणारी शक्ती आणि माणूस मारणारी शक्ती वेगळी नाहीच. रात्री जागणारे शेजारी, सगळ्यांना सगळं माहीत असणं, यामुळेच आई-अण्णा दार उघडं टाकून झोपू शकतात. आणि यामुळेच त्या बाईचा आवाज रेडिओखाली दबतो, तो जावई रस्त्यावर पालथा होतो. पुण्याहून गावी जाताना घोडेगावला शनी शिंगणापूरचा फाटा लागतो. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून आपण कौतुकाने वळतो. २०११ मध्ये बँकेने तिथे बिनकुलुपाची शाखा काढली त्याची केवढी बातमी झाली होती! २०१५ मध्ये तिथे पोलीस ठाणं आलं, त्याची बातमी मात्र फार कमी लोकांना आठवते. मला विचाराल तर त्या ठाण्याने गावाला काही कमीपणा आला नाही.

मला आमच्या गावात दारं नसण्यापेक्षा नोंदवही असलेली चालेल. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावाला पोलीस पाटील दिलाय, पण कितीतरी गावांत पद रिकामं आणि एकेका पाटलाकडे दोन-तीन गावं. गस्त घालायचीच तर पोलीस ठाण्यात नावं नोंदवलेलं ग्रामसुरक्षा दल करावं, म्हणजे कुऱ्हाड घेऊन कोण उभं होतं हे उद्या विचारता येईल. ब्रिटनमधली पहिली नेबरहूड वॉच योजनाही १९८२ मध्ये मॉलिंग्टन नावाच्या एका छोट्या गावातच सुरू झाली होती. त्यांचा नियम साधा आहे, बघा आणि कळवा, हात लावू नका. आणि गावागणिक आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. नकाशाबिकाशा नको, खडूने लिहिलं तरी चालेल.

यावरून अण्णांचं आणि माझं चांगलंच वाजलं. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा केबल गेली. या वेळी मी सुट्टी टाकून गेलो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात तक्रार ऑनलाईनही पाठवता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. पण अण्णा म्हणाले, जायचंच तर तोंड दाखवून जाऊ. पोलीस पाटलांना घेऊन आम्ही तिघं गेलो. अडीच तास लागले. एफआयआर झाली, प्रत मिळाली, ती आईने देवघरातल्या कपाटात पंचांगाखाली ठेवलीय.

चोर अजून सापडलेला नाही. भावकीतलं एक घर बोलेनासं झालंय. अण्णा परवा फोनवर म्हणाले, "तुझ्यामुळं गावाचं नाव खराब झालं रे. इतक्या वर्षांत आपल्या गावात चोरी नव्हती."