एआय, अ‍ॅमडाल आणि काकूंची चकली

घरगुती धंदा करणाऱ्या कोणालाही हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. "काकू, एआय वापरा हो! वेळ वाचेल आणि धंदा दसपट होईल." सल्ला देणारा बहुतेक वेळा आमच्या जातकुळीतला, म्हणजे आयटीवाला असतो. आणि त्याने जन्मात एकही चकली पाडलेली नसते.

शिवाजी पार्कच्या आसपास दिवाळीआधी महिनाभर हा सल्ला जरा जास्तच ऐकू येतो. रानडे रोडपासून केळुसकर रोडपर्यंत कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघरातून भाजणीचा वास येत असतो. अमेरिकेतल्या भाच्यांची पार्सलं सगळ्यांच्या आधी निघतात, मग पुण्या-ठाण्याची, आणि बिल्डिंगमधल्यांचा नंबर शेवटी लागतो. व्हॉट्सॲप मात्र सगळ्यांचं एकाच वेळी वाजत असतं!

एआय वापरू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. वापरावंच. पण "दसपट" म्हटलं की माझ्यातला इंजिनिअर जागा होतो.

आम्हाला कॉलेजात अ‍ॅमडालचा नियम होता. आयबीएममधल्या जीन अ‍ॅमडालने तो १९६७ साली मांडला. नियम होता कॉम्प्युटरबद्दल, पण सोप्या भाषेत सांगायचं तर असा: कामाचा एक भाग तुम्ही कितीही वेगवान केलात, तरी उरलेल्या भागाला जेवढा वेळ लागतो त्याच्या खाली एकूण वेळ जात नाही. परीक्षेत पाच मार्कांना यायचा आणि आम्ही तो विसरून जायचो. खरं तर तो चकलीलाही तंतोतंत लागू पडतो.

समजा, एका काकूंना किलोभर चकलीमागे एक तास लागतो. भाजणी, उकड, सोऱ्या, तळण, निववणं, पॅकिंग सगळं धरून. शिवाय त्याच किलोमागे वीस मिनिटं फोनवर जातात. "भाव काय?", "फार तिखट नाही ना?", "शनिवारपर्यंत मिळेल का?", आणि रात्री वहीतला हिशोब. म्हणजे बारा तासांच्या दिवसात नऊ किलो चकली: नऊ तास स्वयंपाकघर, तीन तास फोन.

आता एआय आणलं. फोनची वीस मिनिटं पाचावर आली. छान! बारा तासांचं काम पावणेदहा तासांत झालं. वेग वाढला सव्वापटीपेक्षाही थोडा कमीच. फोनचं काम अगदी शून्यावर आलं तरी वेग फार तर एक तृतीयांशाने वाढेल. कारण सोऱ्या एआय फिरवत नाही. दसपट कुठून येणार?

आता पैशाकडे वळू. (आकडे उदाहरणापुरते आहेत, भांडू नका!) चकली ६०० रुपये किलो. सामान, तेल, गॅस, डबा मिळून ३४०. मदतीला येणाऱ्या मावशींचे १००. उरले १६०. बहुतेक घरांत हिशोब इथेच थांबतो आणि या १६० ला "नफा" म्हणतात. पण तो नफा नाही, काकूंची मजुरी आहे! एक तास वीस मिनिटांचे १६०, म्हणजे तासाला १२० रुपये. एआय वापरलं तर हाच आकडा १४८ च्या आसपास जातो. आणि एआयला हातही न लावता किलोमागे नुसते ४० रुपये भाव वाढवला तर? १५०!

हे गणित मला फार बोलकं वाटतं. घरगुती धंद्यात कौशल्य भरपूर असतं, गिऱ्हाईकही असतं. पण स्वतःच्या तासाला किंमत लावलेली नसते. "घरच्या घरीच तर करतेय" या एका वाक्याने ती शून्य होऊन जाते. तिथे कॅप्शन लिहिणारं एआय काय कामाचं? आणि ती कॅप्शन तरी कसली, "परंपरेची चव, प्रेमाचा स्पर्श"! अख्ख्या दादरच्या चकलीला तोच एक स्पर्श.

मग खरोखर मोठं व्हायचं असेल तर? त्याचं उत्तर आपल्या गिरगावातच आहे. १९५९ च्या मार्चमध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच लिज्जत. आज तिथे चाळीस हजारांहून जास्त बायका आहेत. पीठ शाखेत एका ठिकाणी मळायचं, लाट्या घरी न्यायच्या, लाटून वाळवलेले पापड परत आणून द्यायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर जे काम समांतर होऊ शकतं ते त्यांनी बरोबर ओळखून वेगळं काढलं! एकीकडूनच दहा जणींचं काम करून घेतलं नाही, हात वाढवले. आणि लाटणाऱ्या बायकाच संस्थेच्या मालकीणही आहेत.

म्हणजे धंदा वाढतो तो हात वाढवून किंवा भाव नीट लावून. एआय या दोन्हीत मदत करतं, त्यांची जागा घेत नाही. माझ्या मते काकूंनी त्याच्याकडून ही कामं घ्यावीत:

१. हिशोब. पण बेरीज-गुणाकार थेट त्याच्यावर सोपवू नका. ते भाषेचं यंत्र आहे, आकडे बिनदिक्कत चुकवतं. त्याच्याकडून एक्सेलचं सूत्र लिहून घ्या, आकडे एक्सेलला मोजू दे, आणि पहिले दोन-तीन हिशोब वहीशी ताडून बघा. त्यात "माझा वेळ" असा एक रकाना हवाच.

२. ऑर्डरींची यादी. शंभर मेसेजमधून कोणाला काय, किती आणि कधी, याचा तक्ता ते दोन मिनिटांत करतं. मात्र गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते आधी काढून टाका, नुसते अनुक्रमांक ठेवा. लोकांनी ते तुम्हाला चकलीसाठी दिलेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आपल्याकडे २०२३ मध्ये झालाय.

३. नकार आणि भाववाढ. हे सगळ्यात महत्त्वाचं! "यंदा ऑर्डर घेणं बंद केलंय" किंवा "किलोमागे चाळीस वाढवलेत" हे लिहायला आपल्या माणसांना प्रचंड जड जातं. एआयला भीड नसते. मसुदा त्याच्याकडून घ्यावा, शेवटची ओळ आपल्या हाताने लिहावी. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला यंत्राचा वास लगेच येतो.

आणि आता खरा प्रश्न. वाचलेल्या सव्वादोन तासांचं काय?

बहुतेक घरांत त्या वेळात आणखी दोन किलोची ऑर्डर घेतली जाईल. वर ३२० रुपये मिळतील आणि दिवस पुन्हा बारा तासांचा होईल. काम मिळेल तेवढा वेळ व्यापतं, हे पार्किन्सनने १९५५ सालीच लिहून ठेवलंय. आम्हा आयटीवाल्यांना तर याचा रोजचा अनुभव. टूल आलं की काम लवकर होतं, आणि लवकर झालं म्हणून पुढच्या वेळी मुदत कमी मिळते. लॅपटॉप आला, घरून काम आलं, आता एआय आलं. संध्याकाळी सहाला घरी जायला लागलेला कोणी तुमच्या पाहण्यात आहे का?

ते दोन किलो घेऊच नयेत असं नाही. मुलांची फी असेल, हप्ता असेल, तर जरूर घ्यावेत. पण ते ठरवून घ्यावेत, आपसूक होऊ देऊ नयेत. माझं मत विचाराल तर एआयचं ॲप उतरवण्याआधी कागदावर एक ओळ लिहावी: "वाचलेला वेळ अमुक कामाला." पाठ टेकायला म्हणा, कट्ट्यावर एक फेरी मारायला म्हणा, नातवाला गोष्ट सांगायला म्हणा.

आणि आपण सल्ला देणाऱ्यांनी "धंदा किती वाढला?" याच्या आधी "काकू, तुमच्या तासाचे किती पडतात?" एवढं विचारलं, तरी पुष्कळ झालं.