डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

गेल्या महिन्यात ओपीडीत एका बाईंचे डिस्चार्ज कार्ड हातात आले. वय 54, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकलेली, उजवे अंग लुळे. कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेले होते. सीटी, एमआरआय, इको, रक्ताचे सगळे रिपोर्ट, 11 औषधे आणि प्रत्येकापुढे वेळ. अगदी तळाशी, शिक्क्याच्या वर, कोणीतरी घाईने लिहिले होते : 'फिजिओथेरपी चालू ठेवणे.' कोणती, किती वेळ, कोणाकडून, यातले काहीच नव्हते. मुलाला विचारले, घरी काय करता? तो म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ हात धरून वर-खाली करतो, डॉक्टर. दवाखान्यात तसंच दाखवलं होतं." साडेतीन महिने हा मुलगा आईचा लुळा हात मनगटाला धरून वर ओढत होता. मायेने, न चुकता. खांदा उतरला होता आणि हाताला हात लावू देत नव्हत्या इतक्या कळा होत्या.

मग मागचे सगळे विचारत गेलो. सकाळी साडेसहाला चहाचा कप हातातून पडला, तोंड वाकडे झाले. घरात म्हणाले, अंगावरून वारं गेलं. गावातल्या डॉक्टरांनी बीपी 190 पाहून जिभेखाली गोळी ठेवली, सलाईन लावले, त्यातून 'मेंदूच्या ताकदीचे' इंजेक्शन दिले आणि दोन तास वाट पाहिली. तालुक्याला सीटी नव्हते. जिल्ह्याच्या गावी सीटी झाले तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत अकराला संपली होती.

या प्रवासातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी हजारो पेशंटांवर चाचणी करून ठेवली आहे. यश मिळालेल्या चाचण्या आपल्याला तोंडपाठ असतात, कारण त्यांच्या मागे औषध असते, यंत्र असते, परिषद असते. ज्यांचे उत्तर 'नाही' आले त्या चाचण्या आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि आपल्या रोजच्या सवयींबद्दल त्याच सर्वांत जास्त बोलतात. हा अंक लकव्याच्या पेशंटवर काढताना मला हेच सांगायचे आहे.

यशाची बाजू थोडक्यात सांगतो, ती सर्वांना माहीत आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या 624 पेशंटांच्या चाचणीने दाखवले की तीन तासांच्या आत अल्टेप्लेज दिले तर तीन महिन्यांनी जवळजवळ धडधाकट होणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढते. त्याची किंमत म्हणून मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका 0.6 टक्क्यावरून 6.4 टक्क्यांवर जातो. 2008 मध्ये मुदत साडेचार तासांवर गेली. 2015 हे वर्ष मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचे. नेदरलँड्समधल्या 500 पेशंटांच्या चाचणीत स्वतःच्या पायावर उभे राहणारे 19.1 टक्क्यांवरून 32.6 टक्क्यांवर गेले. पुढे निवडक पेशंटांसाठी अशी गुठळी काढण्याची मुदत 24 तासांपर्यंत वाढली. टेनेक्टेप्लेज एका झटक्यात देता येते, तासभर पंप लावावा लागत नाही, आणि 2022 च्या कॅनडातल्या चाचणीत ते अल्टेप्लेजपेक्षा उणे ठरले नाही. जिथून पेशंट पुढे पाठवायचा असतो, त्या छोट्या रुग्णालयाला याचा फार मोठा आधार आहे.

पण मला या सगळ्यांपेक्षा हेलसिंकीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. 1998 मध्ये तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात पेशंट दारात आल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत सरासरी 105 मिनिटे लागत. 2011 मध्ये 20 लागू लागली. औषध तेच होते. ॲम्ब्युलन्समधून आधी फोन येऊ लागला, वाटेतच नातेवाइकांकडून माहिती घेतली जाऊ लागली, केसपेपर आणि तपासण्या पेशंट पोहोचण्याआधी तयार राहू लागल्या, स्ट्रेचर कॅज्युअल्टीत न थांबता थेट सीटीच्या टेबलाकडे जाऊ लागले आणि इंजेक्शन सीटीच्या खोलीतच मिळू लागले. यातली एकही गोष्ट विकत आणावी लागत नाही. आपल्याकडे 108 ची गाडी आहे, गाडीत डॉक्टर आहे, डॉक्टरकडे मोबाइल आहे. 'लकव्याचा पेशंट घेऊन निघालोय, सुरुवात साडेसहाला, सीटी रिकामे ठेवा' हा निरोप आपल्यापैकी किती ठिकाणी जातो, हे प्रत्येकाने आपल्या कॅज्युअल्टीत जाऊन विचारावे.

आता 'नाही' म्हणणाऱ्या चाचण्या. बाईंना सलाईनमधून जे दिले गेले ते बहुधा सिटिकोलिन असावे. आपल्याकडे लकवा म्हटला की ते लिहिले जातेच. 2012 मध्ये 2298 पेशंटांवरची 'इक्टस' चाचणी प्रसिद्ध झाली : काही फायदा नाही. ऑक्सिजन कमी नसलेल्या पेशंटला सरसकट नळी लावण्याचाही उपयोग नाही, हे 2017 मध्ये ब्रिटनमधल्या आठ हजार पेशंटांवरून कळले. 118 पेशंटांच्या एका छोट्या चाचणीवरून 2011 नंतर फ्लुऑक्सेटिन हाता-पायाच्या ताकदीसाठी लिहिले जाऊ लागले. मग 'फोकस'ने 3127 पेशंट घेऊन पाहिले. अपंगत्व कमी झाले नाही, हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढले. बाईंच्या 11 औषधांत ते होते.

जिभेखालच्या गोळीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण ती गोळी ठेवणारा डॉक्टर वाईट नसतो, घाबरलेला असतो. 190 चा आकडा समोर दिसतो, नातेवाईक भोवती उभे असतात, काहीतरी केल्यासारखे वाटायला हवे असते. पण गुठळीपलीकडचा मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतो, आणि ती गोळी दाब किती खाली नेईल यावर कोणाचाच ताबा नसतो. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायचे असेल तर दाब 185/110 च्या खाली आणावा लागतो, तोही शिरेतून, मोजत मोजत. द्यायचे नसेल तर 220/120 पर्यंत सहसा हात लावायचा नसतो. 2024 मध्ये चीनमध्ये 2404 पेशंटांचा दाब ॲम्ब्युलन्समध्येच उतरवून पाहिला. एकूण फरक शून्य आला. आत पाहिले तर रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला होता आणि गुठळीवाल्यांचे नुकसान. सीटीशिवाय कोण कुठला, हे सांगता येत नाही. तोवर साखर बघणे, सुरुवातीची वेळ लिहून घेणे आणि गाडी बोलावणे एवढेच गावातल्या डॉक्टरच्या हातात आहे, आणि ते खूप आहे.

वॉर्डातल्या सिस्टरांसाठी या अंकात वेगळा लेख घेतला आहे, त्यामागे ऑस्ट्रेलियातली 2011 ची एक चाचणी आहे. न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटांपैकी काहींमध्ये नर्सेसना तीन गोष्टी काटेकोर करायला शिकवल्या : ताप बघा आणि उतरवा, साखर बघा आणि सांभाळा, तोंडाने काही देण्याआधी गिळता येते का ते तपासा. नव्वद दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण न शिकवलेल्या युनिटांत 58 टक्के होते, शिकवलेल्यांत 42. पॅरासिटामॉल, इन्सुलिन आणि चमचाभर पाणी. आपल्या वॉर्डात मात्र अजूनही प्रेमापोटी पहिल्याच दुपारी चमच्याने पेज भरवली जाते, ठसका लागतो आणि तिसऱ्या दिवशी छाती भरते.

पुनर्वसनाकडे येतो. ज्या प्रश्नावर सर्वांत जास्त काम हवे, तिथे आपण सर्वांत कमी बोलतो. पेशंटला लवकर उठवून बसवावे यावर सगळ्यांचे एकमत होते. 'अव्हर्ट' चाचणीने 2104 पेशंट घेतले आणि पहिल्या 24 तासांतच पुन्हा पुन्हा, जास्त वेळ उठवून पाहिले. तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असलेले 46 टक्के निघाले. नेहमीची काळजी मिळालेल्यांत 50. पहिल्या दिवसाची घाई नडली. पुढच्या विश्लेषणात असे दिसले की थोड्या थोड्या वेळाने, पण आटोपशीर हालचाल दिलेले बरे.

आणि मग 'अटेंड'. ही आपली चाचणी आहे, भारतातल्या 14 केंद्रांची, 1250 पेशंटांची, 2017 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेली. प्रश्न अगदी आपल्या घरातला होता : फिजिओथेरपिस्ट पुरत नाहीत, पण प्रत्येक पेशंटमागे कोणीतरी सून, मुलगा, बायको असते, त्यांनाच शिकवले तर? रुग्णालयात शिकवले, उद्दिष्टे ठरवून दिली, दोन महिन्यांपर्यंत घरी पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी : शिकवलेल्यांत 47 टक्के, न शिकवलेल्यांत 47 टक्के.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी नाराज झालो होतो. आज मला तो फार महत्त्वाचा वाटतो. नीट आखणी करून, प्रशिक्षित माणसांकडून शिकवूनही कुटुंबाच्या खांद्यावर टाकलेले पुनर्वसन पुरे पडले नाही. मग आपण सुट्टीच्या दिवशी दारात पाच मिनिटे दाखवून आणि कार्डावर एक ओळ लिहून कोणती अपेक्षा करतो? त्या मुलाच्या मायेत काही कमी नव्हते. कमी होता तो दर आठवड्याला येऊन 'मनगट धरून ओढू नका, खांद्याखाली हात घाला' असे सांगणारा माणूस. पुनर्वसन ही सेवा आहे, तिला पगारी माणूस लागतो. तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद भरलेले असणे ही लकव्याच्या उपचारातली तेवढीच निकडीची गोष्ट आहे, जेवढी सीटी चालू असणे. आपल्या संघटनांनी ही मागणी इंजेक्शनच्या मागणीइतक्याच आवाजात करावी.

वेळ गेली, आता काय होणार, असे सहा महिन्यांनी आलेल्या पेशंटला सांगून परत पाठवू नये, एवढी आणखी विनंती. 2006 च्या 'एक्साइट' चाचणीत लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या 222 जणांना घेतले होते. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येत होती अशांचा चांगला हात दोन आठवडे जाड मोज्यात बंद ठेवून लुळ्या हाताकडून तासन्‌तास कामे करून घेतली. हात सुधारला, आणि वर्षभराने पाहिले तेव्हाही टिकून होता.

त्या बाईंची तर्जनी आणि अंगठा थोडे हलतात. आमच्या फिजिओथेरपिस्टने आधी पंधरा दिवस खांद्याचे दुखणे कमी केले, मुलाला हात कसा धरायचा ते शिकवले, मगच डाव्या हातावर मोजा चढवला. पहिल्या दिवशी समोर परातीत शेंगदाणे ठेवले होते. एक शेंगदाणा उचलून वाटीत टाकायला त्यांना चार मिनिटे लागली. परवा आल्या तेव्हा मेथीची जुडी सोबत घेऊन आल्या होत्या, आणि आपला नंबर लागेपर्यंत बाकावर बसून उजव्या हाताने एकेक पान खुडत होत्या.