ओरिजिनल काय लोकल?

गोव्यात कुठल्याही गॅरेजात गाडी नेली की मेस्त विचारतो, "पात्रांव, ओरिजिनल घालूं काय लोकल?" आपण किंमत ऐकतो आणि 'लोकल' म्हणून मोकळे होतो. माझ्या मते उत्तर दर वेळी वेगळे हवे. कुठला पार्ट, ते आधी पाहावे.

आरसा, मडफ्लॅप, बंपरची क्लिप खुशाल स्वस्त घ्या. वायपरचे रबर तर आपल्या उन्हापावसात तसेही फार टिकत नाही. क्लिप निसटली म्हणून कुणाचा जीव जात नाही.

ब्रेक पॅडचे तसे नव्हे. बेळगावहून येताना चोर्ला घाटाच्या उतारावर पॅड आणि डिस्क तापत जातात. हलक्या प्रतीचे पॅड तापले की पकड सोडतात. पेडल दाबूनही गाडी लांब जाऊन थांबते. पणजीच्या रहदारीत हे कळणार नाही, केरीच्या वरच्या वळणावर कळेल. स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटचेही तेच.

मात्र ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीचाच डबा, हा समज सोडा. बरेच पार्ट ती स्वतः बनवतच नाही. बॉश, ल्युमॅक्स यांच्यासारख्या कंपन्या गाडीवाल्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. तो बहुधा स्वस्त पडतो, आणि मी तोच घेतो. भीती आहे ती निनावी डब्याची, आणि त्याहून जास्त नामांकित कंपनीच्या नकली डब्याची. छपाई इतकी हुबेहूब असते की मेस्तही फसतो! म्हणून बिल मागावे. दुकानदार कां-कूं करू लागला, तर पॅड तिथेच ठेवून पुढचे दुकान गाठावे.