शहरचे पोलीस आणि शहरचे रहिवासी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यास रस्त्यांत पैशाचें पाकीट सांपडलें. त्यानें तें तीन दिवस दप्तरांत लपवून ठेविलें व चौथ्या दिवशीं आमच्या हातीं आणून दिलें. "पोलीसचौकीवर कां नेलें नाहींस?" असें विचारतां तो म्हणाला, "सर, तिथं गेलों तर मलाच बसवून ठेवतील. बाबा म्हणाले, जाऊं नको." मुलाच्या मनांत लबाडी तिळमात्र नव्हती, व वडिलांनाहि आम्ही दोष देत नाहीं. परंतु ज्या खात्याच्या हातीं आपल्या जीविताचें व वित्ताचें रक्षण सोंपविलें आहे, त्याच्याच दारांत पाऊल टाकण्यास एक प्रामाणिक मुलगा भितो, ही गोष्ट आम्हांस कित्येक दिवस टोंचत राहिली.

मुंबईचेंच उदाहरण घेऊं. गटार तुंबलें तर जाब कोणास विचारावा हें तेथील रहिवाशास ठाऊक असतें. तें काम महानगरपालिकेचें. पण चौकीवर फिर्याद लिहून घेतली नाहीं, तर त्याच महानगरपालिकेस अवाक्षर काढण्याचा अधिकार नाहीं. कारण पोलीस कमिशनर हे राज्य सरकारच्या गृहखात्यास जबाबदार. (लंडन शहराचें मुख्य पोलीसदल १८२९ सालीं स्थापन झालें, पण त्यावरील देखरेख देशाच्या गृहमंत्र्याकडून शहराकडे येण्यास २००० साल उजाडलें. तेव्हां आपणच मागें राहिलों असें म्हणून कपाळ बडवून घेण्याचें कारण नाहीं.)

हा वाद केवळ कायदेपंडितांचा नव्हे. ६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेली, आणि त्या महिन्यांत व पुढील जानेवारींत मुंबईंत जे दंगे झाले त्यांत ९०० माणसें मेलीं. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदु होते. न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगानें मृत्यूचीं कारणेंहि मोजलीं: भोसकून मारलेले ३४७, पोलिसांच्या गोळीबारांत मेलेले ३५६. पालकांनीं हे दोन आंकडे क्षणभर शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. दंगा शमविण्यास कोठें कोठें गोळी झाडणें प्राप्तच असेल. तथापि पोलिसांच्या मनांत मुसलमानांविषयीं आकस होता, असें आयोगानें स्पष्टपणें नमूद केलें व ३१ पोलिसांचीं नांवें घेऊन त्यांच्यावर कारवाई सुचविली. पुढें काय झालें? २५ जानेवारी १९९३ रोजीं नेमलेला आयोग १९९६ च्या जानेवारींत सरकारनें गुंडाळला, त्याच वर्षीं मे महिन्यांत पुन्हां उभा केला. अहवाल १९९८ च्या फेब्रुवारींत हातीं आला, आणि त्यांतील बरेचसे निष्कर्ष सरकारनें अमान्य केले. ज्याचा बाप गोळीनें गेला, तें पांचवींतील मूल तेवढ्या अवधींत दहावींत पोहोंचलें.

आतां ठाणें जिल्ह्यांतील भिवंडीकडे पाहा. यंत्रमागांचें हें गांव; हिंदु व मुसलमान यांची दाट वस्ती. १९७० सालीं शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तेथें भयंकर दंगा झाला, १९८४ सालीं पुन्हां झाला. मुंबई पेटली तेव्हां भिवंडीहि पेटणार, असें कोणालाहि वाटलें असतें. पण १९९२-९३ त भिवंडी शांत राहिली. १९८८ सालीं पोलीस उपायुक्त म्हणून तेथें आलेले श्री. सुरेश खोपडे यांनीं सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापिल्या होत्या. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी व त्या भागाचे पोलीस नियमानें एकत्र बसत. नळावरचें भांडण, मुलांची मारामारी, कोणीतरी उठविलेली कंडी, सर्व कांहीं तेथें बोललें जाई. शिपाई माणसांना नांवानें ओळखूं लागले, आणि माणसें शिपायांना. मुंबईनेंहि हा धडा पुढें गिरविला: १९९४ पासून श्री. सतीश साहनी व श्री. ज्युलिओ रिबेरो यांच्या प्रयत्नानें तेथें अशा समित्या निघाल्या.

एवढ्यानें सर्व साधलें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. २००६ च्या जुलैंत याच भिवंडींत पोलीसठाण्याच्या जागेवरून दंगा झाला. पोलिसांच्या गोळीबारांत दोघे मेले, व जमावानें दोन पोलिसांस ठार मारलें. समिती सतत जागती ठेवावी लागते. शिवाय केवळ स्नेहसंमेलन म्हणजे देखरेख नव्हे. ज्या समितींत चहा होतो पण टिपण होत नाहीं, ती आमच्या मतें अर्धीच समिती होय.

"पोलीस गल्लीच्या ताब्यांत दिले तर गल्लीचा दादाच त्यांचा धनी होईल," असा आक्षेप सुज्ञ लोक घेतात, व तो खोटा नाहीं. म्हणून आम्ही हुकूम चालविण्याचा हक्क मागत नाहीं. कोणास पकडावें हें रहिवाशांनीं सांगूं नये. पण कां पकडलें, कां मारलें, फिर्याद कां घेतली नाहीं, हें मागाहून विचारण्याचा व लेखी उत्तर मिळविण्याचा हक्क त्यांस असावा. सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं प्रकाश सिंग यांच्या अर्जावर निकाल देतांना, राज्यांत एक व प्रत्येक जिल्ह्यांत एक असें पोलीस तक्रार प्राधिकरण असावें, असा आदेश दिला. महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा सुधारला; परंतु जिल्ह्याच्या जागीं महसुली विभाग आला. एका शब्दानें गरिबाचें दार कित्येक कोस दूर गेलें! तें जिल्ह्यांत, किंबहुना शहरांत, परत आणावें, अशी मागणी सुशिक्षित पालकांनीं आपल्या आमदारांकडे अवश्य करावी.

त्या पाकिटाची हकीकत राहिली. शाळा सुटल्यावर मुलास घेऊन आम्ही स्वतः चौकीवर गेलों. हवालदार दिवसभराच्या बंदोबस्ताहून नुकतेच परतले होते; डोळे तारवटलेले. त्यांनीं नोटा दोनदां मोजल्या, वहींत नोंद केली व मुलास शाबासकी दिली. आम्ही निघालों, पण मुलगा हलेना. हळू आवाजांत तो म्हणाला, "काका, पावती द्याल?" हवालदारांनीं त्याच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलें, मग कागद पुढें ओढून पावती लिहून दिली.